माळकऱ्याने दाढीचा ब्रश कोणता घ्यावा?

मथळा वाचून कित्येक माउलींना हसू येईल. परमार्थाच्या मासिकात दाढीच्या ब्रशाचे काय काम, असेही कोणी म्हणतील. म्हणोत बापडे. परंतु गेल्या माघी वारीत आमच्या फडावरच्या एका तरुणाने हाच प्रश्न मला अगदी गंभीरपणे विचारला. माळ घालून त्याला तीनच महिने झाले होते. तो म्हणाला, "काका, मटण सोडले, मासळी सोडली, अंडेसुद्धा सोडले. परवा दाढीचा ब्रश घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, हा घ्या, डुकराच्या केसांचा आहे, चांगला टिकतो. मी तो तसाच खाली ठेवला आणि परत आलो. आता वाटते, आपण जरा जास्तच करतो की काय? घ्यावा, की घेऊ नये?"

त्याला त्या दिवशी मी धड उत्तर दिले नाही. कीर्तनाची वेळ झाली होती हे खरे, पण ते निमित्त. खरे कारण असे की या प्रश्नाचे एक जुने देणे माझ्या अंगावर आहे. ते सांगायचेच आहे; पण आधी वस्तू काय आहे ती पाहू. वस्तू न पाहता धर्म सांगू नये.

डुकराच्या पाठीवरचे केस राठ असतात. मुळाशी जाड, आणि टोकाशी फाटे फुटलेले. या फुटलेल्या टोकांत साबण धरून राहतो आणि केस स्वतःही पाणी पितो. म्हणून असा ब्रश वापरण्याआधी चारपाच मिनिटे कोमट पाण्यात भिजत घालावा लागतो. कोरडा लावला तर गाल ओरबाडतो. नवा असताना त्याला जनावराचा वास मारतो. साबणाने चारदा धुतला म्हणजे तो जातो. पुढे वापरता वापरता टोके आणखी फुटतात आणि पहिल्या दिवशी काथ्यासारखा लागणारा ब्रश काही आठवड्यांत मऊ होतो. मूळ मात्र ताठच राहते, त्यामुळे गालावरचे खुंट उभे राहतात व वस्तरा सरळ चालतो. शिवाय अस्सल केसांच्या ब्रशांत हाच सर्वांत स्वस्त. दिवसाला वीसपंचवीस दाढ्या करणाऱ्या माणसाला तो आवडतो यात नवल नाही.

हे केस फार करून चीनमधून येतात. तिकडच्या चुंगकिंग शहराचे नाव या व्यापारात मोठे होते. आपल्या देशात कानपूर हे या मालाचे जुने ठाणे. केस धुवायचे, उकळायचे, लांबीप्रमाणे व रंगाप्रमाणे निवडायचे, मुळे एका बाजूला करून जुड्या बांधायच्या, असे ते किचकट काम. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने या केसांची गणना युद्धाला लागणाऱ्या मालात केली होती. जहाजे रंगवायची तर ब्रश हवेत, आणि चीनची वाट बंद झालेली! दात घासण्याचा ब्रशही पूर्वी याच केसांचा असे. 1938 साली अमेरिकेत नायलॉनचे केस बसवलेला दातांचा ब्रश विक्रीस आला, आणि तेथून हे पालटत गेले. आमच्या आजोबांनी जन्मभर राखुंडी वापरली व "तसला ब्रश तोंडात घालू काय?" असे ते म्हणत, त्यात हट्ट होता तसे तथ्यही होते.

दुसरे प्रकार थोडक्यात सांगतो. बॅजर नावाचा बिळात राहणारा एक प्राणी आहे, त्याच्या केसांचा ब्रश सर्वांत महाग आणि फार मऊ. घोड्याच्या आयाळीच्या व शेपटीच्या केसांचाही ब्रश होतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या वाईट तऱ्हेने तयार केलेल्या ब्रशांतून लोकांना काळपुळीचा रोग झाला आणि इंग्लंडने 1920 साली जपानी ब्रशांची आयात बंद केली. आता केस नीट शिजवून घेतात. आणि चौथा प्रकार नायलॉन व तत्सम कृत्रिम धाग्यांचा. त्याला भिजवावे लागत नाही, तो लवकर वाळतो, साबण कमी लागतो. पूर्वीचे असे ब्रश बरे नसत, आताचे चांगले असतात.

आता धर्माकडे येऊ. माळ घालताना आपण मद्यमांस वर्ज्य केले. केस काही आपण खात नाही. मग नियम मोडला कोठे? अक्षरावर बोट ठेवणारा मनुष्य म्हणेल, कोठेच मोडला नाही. दुसरा म्हणेल, डुकराची वस्तू तोंडाला लागली, विटाळ झाला. हे दोघेही मला पटत नाहीत. पहिल्याला जीव दिसत नाही. दुसऱ्याला दिसतो, पण नुसता किळस येण्यापुरता.

विटाळाचेच म्हणाल, तर जरा आपल्या अवतीभवती पाहा. आपण सोवळ्याला मुकटा नेसतो. रेशमासाठी कोशेटे उकळत्या पाण्यात टाकतात, आतला जीव आतच मरतो. मठात गुरूंचे तैलचित्र टांगलेले असते. तैलरंग जाड असतो, त्याला राठ कुंचला लागतो, आणि तसे कुंचले बहुधा डुकराच्याच केसांचे असतात. त्या चित्राला आपण हार घालतो. आणि पखवाज? त्याची पुडी कातड्याची, वादी कातड्याची. त्याच्यावाचून आपला एक अभंग पुढे सरकत नाही.

आणि डुकराने तरी असे काय केले आहे? दशावतारांतला तिसरा अवतार वराहाचा. बुडालेली पृथ्वी ज्याने दातांवर तोलून वर आणली, त्या देवाने ते रूप घेताना किळस केली नाही. ज्ञानोबारायांनी पैठणास रेड्यामुखी वेद बोलवले, नामदेवराय पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, नाथमहाराजांनी काशीची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी ओतली. रेडा, कुत्रा, गाढव, सारे संतांच्या कथेत येऊन पावन झाले. डुकराची तशी कथा मला तरी आठवत नाही. बिचारे राहूनच गेले! पण म्हणून ते भूतदयेच्या बाहेर पडले असे कोणी समजू नये.

आता माझी हकीकत.

2018 सालची आषाढी वारी. लोणंदचा तळ. ज्यांनी वारी केली त्यांना ठाऊक आहे की तळावर गावोगावची नाभिक मंडळी येऊन बसतात आणि वारकऱ्यांची दाढी फुकट करून देतात. पैसे देऊ केले तर हात जोडतात. सेना महाराजांची सेवा म्हणून हे चालते. देवपूजेत बसलेल्या सेना महाराजांना राजाचे बोलावणे आले तेव्हा देवच धोकटी काखेत मारून राजाच्या दाढीला गेला, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. तर तेथे झाडाखाली गोणपाट टाकून एक गृहस्थ बसले होते. पुढे आरसा, तुरटी, पाण्याची वाटी. मी रांगेत होतो, माझ्यामागे आणखी आठदहा वारकरी. माझी पाळी आली. गृहस्थांनी तांब्यातून भिजलेला नवा ब्रश काढला, साबण फेसवला आणि माझ्या गालाला लावला. मला एकदम वास आला.

मी विचारले, "कशाचा ब्रश आहे रे हा?"

"डुकराच्या केसांचा, माउली. वारीसाठी मुद्दाम नवा घेतला. टिकतो चांगला."

मी उठलो. अर्ध्या तोंडाला फेस तसाच. काय काय बोललो ते सगळे येथे लिहीत नाही. "माळकऱ्याच्या तोंडाला डुक्कर लावतोस काय?" हे एक वाक्य आठवते, कारण ते मी मोठ्याने बोललो आणि मागची रांग ते ऐकून मोडली. दोघेतिघे थांबले, बाकीचे दुसऱ्या झाडाकडे गेले. त्या गृहस्थांनी उलट उत्तर केले नाही. सदऱ्याची वरची गुंडी काढून त्यांनी आपल्या गळ्यातली तुळशीची माळ मला दाखवली, परत गुंडी लावली आणि ब्रश पुसून धोकटीत टाकला. पुढच्या माणसाला त्यांनी हातानेच पाणी लावले.

मी नळावर जाऊन तोंड खसखसा धुतले. वर मनात समाधानही होते, की आपण नियम राखला.

रात्री कीर्तनाआधी पखवाज लावायला बसलो. पावसाळी हवेने वादी सैल पडली होती. ओढून घट्ट करायची, एक हात गठ्ठ्यावर, एक पुडीवर, तेव्हा नेहमीच्या सवयीने वादीचे टोक मी दातांत धरले आणि ओढले. तीस वर्षे मी असेच करत आलो आहे. त्या दिवशी मात्र तोंडात कातड्याची चव आली आणि माझा हात थांबला. सकाळी गालाला केस लागला तर मी माणूस झिडकारला, आणि आता कातडे दातांत धरून बसलो होतो! विणेकरी म्हणाले, "काय झाले? स्वर उतरला काय?" मी म्हणालो, नाही, लागतोय. त्या रात्री माझा हात ठीक पडला नाही.

पुष्कळ दिवस मी मनाशी एक सबब केली होती. पखवाज देवासाठी आहे, ब्रश देहाच्या चोचल्यासाठी आहे. म्हणून कातडे चालते, केस चालत नाही. ही सबब अगदीच खोटी नाही. देवाच्या कामी आलेली वस्तू आणि चैनीची वस्तू यांत भेद आहेच. पण ती मला सोडवत नाही. कारण झाडाखाली बसलेला मनुष्य तरी चैन करत होता काय? तोही देवाच्याच कामाला बसला होता, माझ्यापेक्षा जास्त उपाशी.

महाभारताच्या वनपर्वात मिथिलेच्या धर्मव्याधाची कथा आहे. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण त्याच्याकडे धर्म शिकायला जातो, आणि पाहतो तो काय, हा मांसाच्या दुकानात बसलेला! व्याध त्याला सांगतो की मी स्वतः मारीत नाही, दुसऱ्यांनी मारलेले डुक्कर आणि रेडे विकतो. स्वतः मांस खात नाही. नेमके डुक्करच तेथे आले आहे. ब्रश घेणाराही हेच म्हणतो: मी मारीत नाही, डुक्कर मांसासाठी मरते, केस उरलेले असतात, ते वाया जाण्यापेक्षा वापरलेले बरे. या बोलण्यात थोडे सत्य आहे. बॅजरच्या ब्रशाबद्दल तेवढेही म्हणता येणार नाही, तेथे केसांसाठीच जीव जातो. परंतु केसांना भाव आहे, केसांचा व्यापार आहे, म्हणजे मरणाच्या किमतीत त्यांचाही काही हिस्सा धरलेला आहे. आपण दिलेला रुपया तेथे पोचतो. हे डोळे उघडे ठेवून मान्य करावे. धर्मव्याधानेही आपला धंदा निर्दोष आहे असे म्हटले नाही. आपल्या कामात दोष आहे हे जाणून तो आईबापांची सेवा करीत बसला होता, आणि म्हणून ब्राह्मणाला त्याच्यापुढे बसावे लागले.

तेव्हा माझे मत असे झाले. डुकराचा जीव हाही जीव आहे, म्हणून त्याच्या केसांचा ब्रश मी घेत नाही, असे जो म्हणेल तो शहाणा वारकरी. डुक्कर घाण, ते पाळणारा घाण, तो ब्रश धरणारा घाण, म्हणून मी घेत नाही, असे ज्याच्या पोटात आहे त्याने ब्रश टाकून काही मिळवले नाही. दोघांच्या हातात ब्रश एकच दिसेल, दोघेही नायलॉनचाच घेतील. पण दुसऱ्याची किळस वस्तूवर थांबत नाही. ती माणसावर चढते. विटाळाचा नियम वस्तूवरून माणसावर किती सहज सरकतो हे पंढरपूरकरांना सांगायला नको. 1947 साली साने गुरुजींना उपोषण करावे लागले तेव्हा कोठे पांडुरंगाचे दार सर्वांना उघडले. ज्या दारासमोर चोखोबांची समाधी आहे त्या दाराची ही गोष्ट!

आणि दुसरे, ज्याचा नियम त्याने त्याची किंमत भरावी. लोणंदला माझ्या नियमाची किंमत मी भरली नाही. ती त्या गृहस्थांनी भरली. मला नियम पाळायचा होता तर माझा ब्रश माझ्या पिशवीत असायला हवा होता. साबण लावण्याआधी हळूच विचारता आले असते. "दादा, मला हातानेच लावा" एवढे म्हटले असते तरी भागत होते. पूर्वी गावातला न्हावी ब्रशाला ओळखतच नव्हता. वाटीतले पाणी बोटांनी गालावर चोळून चोळून मऊ करी आणि वस्तरा चालवी. आमच्या लहानपणी आम्ही हेच पाहिले.

म्हणून त्या तरुणाला मी पुढे एकादशीला गाठून सांगितले ते असे. कृत्रिम केसांचा ब्रश घे. वेष्टणावर लिहिलेले नसेल आणि शंका असेल तर एक केस काढून काडीने जाळून पाहा. खरा केस जळून त्याची राख होते आणि केस जळल्याचा वास येतो, नायलॉन वितळून त्याची गोळी होते. वारीत आपला ब्रश आपण न्यावा. न्हाव्यांनी प्रत्येकाला नवे पाते लावायची पद्धत आली, ब्रश मात्र एकच शंभर गालांवर फिरतो, त्या दृष्टीनेही हे बरे. वापरून झाल्यावर झटकून उघडा वाळवावा, ओला पिशवीत कोंबू नये. त्याने विचारले, "पण काका, नायलॉन तर कुजत नाही. टाकला की शंभर वर्षे मातीत. तेथे जीवांना त्रास नाही काय?" पोरगा हुशार आहे. मी म्हणालो, आहे. म्हणून एकच घे आणि पुष्कळ वर्षे वापर. अगदी निर्दोष हवे असेल तर हाताने फेस कर, त्याला कोणाचाच केस लागत नाही. घोड्याच्या आयाळीचे केस घोड्याला न मारता कापता येतात, आणि रिंगणातल्या अश्वाच्या टापांखालची माती आपण कपाळाला लावतोच; पण बाजारातला ब्रश तशाच केसांचा आहे याची हमी कोण देणार?

घरात आधीचा डुकराच्या केसांचा ब्रश असला तर काय करावे, हे त्याने विचारले नाही, पण दुसऱ्या कोणाला पडेल म्हणून लिहितो. माझ्या मते तो फेकू नये, झडेपर्यंत वापरावा. जीव गेला तो गेला. त्याची वस्तू उकिरड्यावर टाकून तो परत येत नाही. आमच्या विणेकरीबाबांना हे मुळीच पटत नाही. ते म्हणतात, माळ घातली त्या दिवशीच तो चंद्रभागेच्या वाळूत पुरायला हवा. यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

लोणंदचे देणे मात्र बाकी होते. 2019 ला मी त्या तळावर फिरलो, ते गृहस्थ दिसले नाहीत. 2020 व 2021 या दोन्ही साली करोनामुळे पायी वारी झालीच नाही, पादुका बसने गेल्या. 2022 ला पुन्हा लोणंदला पोचलो आणि तेच झाड धरून ते बसलेले दिसले. केस पांढरे झाले होते. मी रांगेत उभा राहिलो. पाळी आल्यावर गोणपाटावर बसलो. त्यांनी मला ओळखले की नाही ते कळले नाही. त्यांनी धोकटीतून ब्रश काढला आणि लावण्याआधी म्हणाले, "माउली, हा नायलॉनचा आहे बरं का. चालेल ना?"

मी विचारले, "पूर्वीचा काय केला?"

"घरी आहे. पोरगा दुकानात वापरतो. वारीला हा वेगळा ठेवलाय. दीडशे रुपये पडले."

माझ्या पिशवीत माझा ब्रश होता. तो मी काढला नाही. त्यांनी फेस लावला, वस्तऱ्यात नवे पाते घातले, आणि गळ्याकडची दाढी काढायला माझी माळ बोटाने हलकेच वर सारली. मी म्हणालो, "दादा, चार वर्षांपूर्वी याच झाडाखाली मी तुम्हाला..."

त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड वर केले.

"बोलू नका माउली. वस्तरा चालू आहे."